इंग्लंडमध्ये छोटी डिस्टिलरी काढताय? स्टिलची ऑर्डर देण्याआधी प्लॅनिंगचं एवढं बघून घ्या

माझ्या एका मित्राने इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये गाळा घेतला, पाच वर्षांच्या लीजवर सही केली, पोर्तुगालहून तांब्याचं स्टिल, म्हणजे दारू गाळायचं भांडं, मागवलं आणि त्यानंतर मला फोन केला. "अरे, काऊन्सिलचं पत्र आलंय, म्हणतायत गाळ्याचा वापर बी एट आहे, हे बी एट काय प्रकरण आहे?" मी इथे एका प्लॅनिंग, म्हणजे बांधकाम आणि जागेच्या वापराच्या परवानग्यांच्या, कन्सल्टंटकडे काम करतो हे त्याला चार वर्षांपासून माहीत होतं, पण फोन सही झाल्यावरच आला. तोवर तीन महिन्यांचं भाडं गेलेलं, पुढे अजून नऊ महिने गेले, आणि ते सुंदर स्टिल बबल रॅपमध्ये गुंडाळून कोपऱ्यात पडलेलं, मुंजीत न्हाऊ घालून बसवलेल्या बटूसारखं.

त्याच्यानंतर तीन-चार मराठी लोकांनी हेच विचारलं. कोणाला जिन काढायची आहे, कोणाला मोहाच्या धर्तीवर काहीतरी करायचंय, एकाला तर शेतावरच्या कोठारात व्हिस्की. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो. हे फक्त इंग्लंडपुरतं आहे बरं का. वेल्समध्ये वापराच्या वर्गांची यादी वेगळी आहे, तिकडे ऑफिस आणि हलक्या उद्योगाचा जुना बी वन वर्ग अजून जिवंत आहे, आणि स्कॉटलंडचा तर कायदाच वेगळा, तिथे वर्ग चार, पाच, सहा असे आकडे चालतात. तिकडे जागा बघत असाल तर खालचं सगळं जसंच्या तसं लावू नका.

आधी डोक्यातला झोन काढून टाका

आपल्याकडे जागा घ्यायची म्हटलं की पहिला प्रश्न, यलो झोन आहे का ग्रीन झोन, एनए झालंय का, सातबाऱ्यावर काय आहे. डीपीचा नकाशा काढायचा, आपला गट नंबर कुठल्या रंगात पडतो ते बघायचं, इंडस्ट्रियलमध्ये पडला की निम्मी लढाई जिंकली. अमेरिकेतही साधारण तसंच, म्हणून यूट्यूबवर डिस्टिलरी काढायचे जे व्हिडिओ आहेत त्यात तो माणूस पहिल्या पाच मिनिटांत सांगतो की तुमची प्रॉपर्टी कशी झोन केलीय ते बघा. इंग्लंडमध्ये तो सल्ला काही कामाचा नाही. इथे त्या अर्थाने झोन नाहीत.

१९४७ च्या टाऊन अँड कंट्री प्लॅनिंग ॲक्टने, जो १ जुलै १९४८ पासून लागू झाला, जमीन तुमची राहिली पण तिच्यावर डेव्हलपमेंट करायचा हक्क सरकारकडे गेला. आता १९९० चा ॲक्ट चालतो पण तत्त्व तेच. काऊन्सिलचा लोकल प्लॅन असतो, त्यात रंगीत नकाशे पण असतात, एखादी इस्टेट रोजगाराची जागा म्हणून राखलेली असते, पण त्या रंगामुळे तुम्हाला आपोआप काही करायचा अधिकार मिळत नाही. प्रत्येक अर्ज त्याच्या त्याच्या गुणावर बघतात. म्हणजे शेजारच्याला मिळालं म्हणून तुम्हाला मिळेलच असं नाही, आणि उलटही खरं, नकाशात जागा भलत्याच रंगात असली तरी चांगली बाजू मांडली तर परवानगी मिळू शकते. माझा मित्र इथेच फसला, इंडस्ट्रियल इस्टेट म्हणजे इंडस्ट्रियल झोन असं त्याने धरलं.

इथे बघायचा तो वापर, त्या इमारतीचा कायदेशीर वापर. आणि डेव्हलपमेंट म्हणजे नुसतं बांधकाम नाही, वापरात ठळक बदल केला तरी ती डेव्हलपमेंट. एक वीट हलवली नाही तरी परवानगी लागू शकते.

वापराचे वर्ग, आपल्या कामापुरते

१९८७ ची यूज क्लासेस ऑर्डर आहे, तिच्यात १ सप्टेंबर २०२० पासून मोठी उलथापालथ झाली. आपल्याला लागणारे एवढेच:

बी टू म्हणजे जनरल इंडस्ट्रियल, कारखाना. बी एट म्हणजे गोदाम आणि माल वितरण. ई म्हणजे २०२० मध्ये जन्मलेलं मोठं गाठोडं, त्यात दुकान, कॅफे, ऑफिस, जिम, दवाखाना सगळं कोंबलंय, आणि त्याच्याच पोटात ई जी तीन नावाचा एक कप्पा आहे, म्हणजे राहत्या वस्तीत कोणाला त्रास न होता चालू शकेल असा छोटा उद्योग, हा जुन्या बी वन सीचा नवा अवतार. आणि शेवटचं स्वी जेनेरिस, लॅटिन शब्द आहे, अर्थ आपापल्या जातीचा एकटा, कुठल्याच वर्गात न बसणारा. पब आणि बार २०२० पासून यातच आहेत.

एकाच वर्गातल्या एका वापरातून दुसऱ्यात गेलात तर कायद्याने ती डेव्हलपमेंटच नाही. म्हणजे कपड्यांच्या दुकानाच्या जागी ई जी तीनमध्ये बसणारी डिस्टिलरी टाकली तर वापरासाठी परवानगी लागत नाही. पण तीच डिस्टिलरी बी टू ठरली तर लागते. गोदामातून कारखाना करायचा, म्हणजे बी एटमधून बी टू, तरी लागते, मित्राचं घोडं इथेच अडलं. आधीच बी टू असलेला गाळा मिळाला तर सगळ्यात बरं, भाडं थोडं जास्त असलं तरी.

आता लाखमोलाचा प्रश्न, डिस्टिलरी बी टू का ई जी तीन? यादीत डिस्टिलरी हा शब्द कुठेच लिहिलेला नाही. कसोटी अशी आहे की हा उद्योग कुठल्याही राहत्या वस्तीत आवाज, कंपनं, वास, वाफा, धूर, काजळी, राख, धूळ, बारीक कण यांचा त्रास न देता चालू शकेल का. 'कुठल्याही' हा शब्द महत्त्वाचा, तुमच्या आजूबाजूला आज घरं आहेत का नाहीत याच्याशी घेणं नाही, प्रक्रियेचा स्वभाव कसा आहे ते बघायचं. बरेच ऑफिसर डिस्टिलरी म्हटलं की सरळ बी टू लिहून मोकळे होतात, डोळ्यासमोर त्यांच्या चिमणी असते. म्हणून तुम्ही काय करता ते तुम्हीच आधी नीट लिहून द्यायचं. तुम्ही नाही सांगितलं तर काऊन्सिल आपल्या मनाने तुमचं वर्णन करणार, आणि ते एकदा फाइलवर गेलं की पुसायला घाम निघतो.

पायरी पहिली: नक्की काय बनवणार ते कागदावर

जिन आणि व्हिस्की यांच्यात प्लॅनिंगच्या दृष्टीने जमीन अस्मानाचा फरक आहे, आणि नवखे लोक दोन्हीला एकच समजतात.

बहुतेक छोटे जिनवाले धान्यापासून स्पिरिट काढतच नाहीत. ९६ टक्क्यांचं न्यूट्रल स्पिरिट बाहेरून विकत घेतात, ते पाणी घालून खाली आणतात, ज्युनिपर आणि बाकीचे मसाले घालून पुन्हा एकदा स्टिलमधून काढतात आणि बाटलीत भरतात. गोव्यातल्या हल्लीच्या क्राफ्ट जिनमध्येही ही पद्धत चालते. यात आंबवणं नाही, मॅशिंग (धान्य गरम पाण्यात भिजवणं) नाही, धान्याचे ट्रक नाहीत, चोथा नाही. तीनशे लिटरचं इलेक्ट्रिक स्टिल, एक चिलर, बाटल्यांचे पॅलेट. हे ई जी तीन आहे असं म्हणायला चांगली जागा आहे.

व्हिस्की म्हणजे मॅश टन आला, वॉशबॅक म्हणजे आंबवायच्या टाक्या आल्या, चार-चार दिवस आंबवणं आलं, बॉयलर आला, धान्य घेऊन येणाऱ्या लॉऱ्या आल्या, ड्राफ म्हणजे उरलेला चोथा न्यायला शेतकऱ्याचा ट्रॅक्टर आला, आणि किमान तीन वर्षं पिंपं ठेवायची जागा आली. रम काढायची तर मळीचा वास, आपल्या साखर कारखान्याच्या गावात राहिलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. हे बी टूच आहे, वाद घालण्यात वेळ घालवू नका.

पिंपांचा एक उपद्रव बऱ्याच जणांना माहीत नसतो. पिंपातून दरवर्षी साधारण दोन टक्के स्पिरिट उडून जातं, त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात, पण त्या वाफांवर बॉदोइनिया नावाची काळी बुरशी पोसते आणि आजूबाजूच्या भिंती, झाडं, गाड्या काळ्या करते. अमेरिकेत टेनेसीच्या लिंकन काऊंटीमध्ये २०२३ मध्ये जॅक डॅनियल्सच्या नव्या पिंपघराचं बांधकाम कोर्टाने थांबवलं, शेजारी या बुरशीमुळे कोर्टात गेले होते आणि बांधकामाची परवानगी नीट घेतलेली नव्हती. तुमची शंभर पिंपं तिथल्या हजारोंपुढे काहीच नाहीत, पण हरकत घेणारा शेजारी गूगल करतो आणि त्याला पहिला फोटो तोच दिसतो. तेव्हा पिंपं किती, कुठे, हवा कुठून बाहेर जाणार, हे आधीच लिहून ठेवा.

मी सगळ्यांना एक पानभर लिहायला लावतो. स्टिल किती लिटरचं, आठवड्यात किती वेळा चालणार, वीज का गॅस, थंड करायचं पाणी बंद चक्रात फिरणार का नुसतं वाहून जाणार, एका वेळी किती लिटर स्पिरिट जागेवर, महिन्यात किती व्हॅन, किती माणसं कामाला, बाहेरचे लोक येणार का आणि किती. हे पान पुढे प्रत्येक ठिकाणी लागतं, काऊन्सिल, फायर, पाणी कंपनी, इन्शुरन्स, सगळीकडे तेच.

पायरी दुसरी: जागेची कुंडली

लीज हातात यायच्या आत काऊन्सिलच्या वेबसाइटवर जा, प्लॅनिंग सर्चमध्ये पत्ता टाका आणि जुन्या सगळ्या परवानग्या उघडून वाचा. फुकट आहे. नुसतं मंजूर लिहिलंय ते बघून थांबू नका, निर्णयाच्या पत्रातल्या अटी वाचा. अनेकदा एक अट अशी असते की ही जागा फक्त अमुक कामासाठीच वापरायची, त्याच वर्गातल्या दुसऱ्या कुठल्या कामासाठी नाही. ही अट असली की मघाशी सांगितलेली एकाच वर्गात फिरायची मुभा संपली. मित्राच्या गाळ्यावर नेमकी अशी एक ओळ होती, सत्तावीस पानांच्या पीडीएफमध्ये एकोणिसाव्या पानावर. एजंटने जाहिरातीत लिहिलं होतं "सर्व व्यवसायांसाठी योग्य". एजंटच्या शब्दावर प्लॅनिंग चालत नाही.

लीजमध्ये घरमालकाने कुठला वापर मान्य केलाय ते कलम वेगळं. काऊन्सिलने हो म्हटलं तरी मालक नाही म्हणू शकतो आणि उलटही. दोन्ही कुलपं उघडावी लागतात.

कोणीतरी हमखास सांगतं की बाजूच्या गाळ्यात एक जण कित्येक वर्षं विनापरवाना ब्रुअरी चालवतोय, काही होत नाही. वापर बदलून सलग १० वर्षं झाली की काऊन्सिलला कारवाई करता येत नाही हे खरं आहे, पण ती दहा वर्षं त्याची आहेत, तुमची नाहीत.

मग आजूबाजूचं बघा. इमारत लिस्टेड आहे का, म्हणजे वारसा म्हणून नोंदलेली. असेल तर आतली भिंत पाडायला, छतातून पाइप काढायलासुद्धा वेगळी संमती लागते आणि ती न घेता केलं तर तो थेट गुन्हा आहे, बाकीच्या प्लॅनिंगच्या चुकांसारखं नंतर निस्तरता येत नाही. पण लिस्टेड म्हणजे अशक्य असंही नाही, हॅम्पशरमध्ये लॅव्हरस्टोक मिल नावाची जुनी कागद गिरणी आहे, बँक ऑफ इंग्लंडच्या नोटांचा कागद तिथे बनायचा, तिथे २०१४ मध्ये बॉम्बे सफायरची डिस्टिलरी उघडली. अर्थात त्यांच्याकडे पैसा होता. कॉन्झर्वेशन एरिया (जपायचा जुना परिसर), ग्रीन बेल्ट (शहराभोवतीचा मोकळा पट्टा), पुराचा नकाशा हेही बघायचं, आणि नॅशनल पार्कमध्ये जागा असेल तर अर्ज काऊन्सिलकडे नाही, पार्क ऑथॉरिटीकडे जातो.

शेतावरच्या कोठाराबद्दल सगळे विचारतात. परमिटेड डेव्हलपमेंट म्हणून एक प्रकार आहे, त्यात क्लास आर नावाखाली शेतीची इमारत पूर्ण अर्ज न करता व्यवसायाला वापरता येते, मे २०२४ मध्ये मर्यादा ५०० वरून १,००० चौरस मीटर केली. हे ऐकून लोक खुश होतात. पण बी टूसाठी तिथला दरवाजा फार अरुंद आहे, त्याच जागेवर पिकलेल्या कच्च्या मालावर प्रक्रिया करायची आणि तिथेच विकायचं, असा. स्वतःच्या बागेतल्या सफरचंदांची ब्रँडी काढून स्वतःच्या दारात विकणार असाल तर बसेल कदाचित, स्पिरिट बाहेरून आणून जिन करणार असाल तर या बी टूच्या दरवाजातून नाही. सरळ पूर्ण अर्ज करा. सरकारी धोरण जुन्या ग्रामीण इमारती धंद्याला वापरण्याच्या बाजूनेच आहे, लेक डिस्ट्रिक्टमधली द लेक्स डिस्टिलरी व्हिक्टोरियन काळातल्या शेतवाड्यातच बसलीय.

पायरी तिसरी: खात्री हवी तर सर्टिफिकेट, शंका असेल तर प्री-ॲप

तुमची जागा ई वर्गात आहे, अटी आडव्या येत नाहीत आणि तुमचं काम ई जी तीनमध्ये बसतं असं वाटतंय, तर नुसतं वाटण्यावर लाखभर पाउंड लावू नका. लॉफुल डेव्हलपमेंट सर्टिफिकेट मागा, म्हणजे हा वापर कायदेशीर आहे असा काऊन्सिलचा दाखला. फी पूर्ण अर्जाच्या निम्मी. वापर बदलाच्या पूर्ण अर्जाची फी एप्रिल २०२५ पासून ५८८ पाउंड झाली, ती आता दर एप्रिलला थोडी वाढते, तेव्हा भरायच्या दिवशीचा आकडा बघा. सर्टिफिकेटमध्ये धोरण, शेजाऱ्यांची मतं, गावाचं सौंदर्य यातलं काही बघत नाहीत, फक्त कायदा आणि वस्तुस्थिती. ते मिळालं की बँक पण शांत, मालक पण शांत.

पण ते मागताना खरं लिहा. आठवड्यातून दोन दिवस स्टिल चालणार म्हणून सर्टिफिकेट घेतलं आणि नंतर सातही दिवस तीन पाळ्या लावल्या, तर तो कागद तुम्हाला वाचवत नाही, तो लिहिलेल्या कामापुरताच आहे.

गडबड असेल तिथे प्री-ॲप, म्हणजे अर्जाआधी काऊन्सिलचा लेखी सल्ला. त्याची फी प्रत्येक काऊन्सिलची वेगळी आणि सल्ला बंधनकारक नाही, तरी मी घ्यायला सांगतो, एका कारणासाठी. प्लॅनिंग ऑफिसर स्वतः वास आणि आवाजाचा निर्णय करत नाही, तो एन्व्हायर्नमेंटल हेल्थवाल्यांना विचारतो, आणि त्यांचं मत काय पडणार ते तुम्हाला आधीच कळतं. ऑफिसरला शक्य असेल तर एखादी चालू छोटी डिस्टिलरी दाखवून आणा. एकदा बघितलं की त्याच्या डोळ्यासमोरची चिमणी जाते.

पायरी चौथी: अर्ज

प्लॅनिंग पोर्टलवरून ऑनलाइन भरायचा, त्यांचा सर्व्हिस चार्ज वेगळा. जागा तुमच्या नावावर असायलाच हवी असं नाही! हे बहुतेकांना माहीतच नसतं. मालकाला रीतसर नोटीस दिली आणि अर्जात सर्टिफिकेट बी भरलं की भाडेकरू व्हायच्या आधीसुद्धा अर्ज करता येतो. परवानगी जागेला चिकटते, माणसाला नाही. म्हणून मालकाशी असं बोला की परवानगी आली तर लीज, नाही तर हात जोडून नमस्कार. सॉलिसिटर तशी अट घालून करार करून देतो. मालकाचा पण फायदाच असतो, त्याच्या गाळ्याला फुकटात नवा वापर मिळतो.

नकाशे लागतात: १:१२५० चा लोकेशन प्लॅन, त्यात आपली जागा लाल रेषेत आणि अर्जदाराच्या स्वतःच्या मालकीची लगतची बाकी जमीन असेल तर ती निळ्या रेषेत, शिवाय साइट प्लॅन, आतला आराखडा. लाल रेषेत पार्किंग आणि रस्त्यापर्यंतची वाट घ्यायला विसरू नका, अर्ज परत यायचं एक नेहमीचं कारण ते. बाहेर चिलर, टाकी, एक्झॉस्टचा पाइप बसणार असेल तर तो वापराच्या बदलात येत नाही, ते वेगळं काम आहे, त्याच अर्जात घाला. चिलरचा पंखा रात्रभर घुमतो, त्यामुळे जवळ घरं असतील तर बीएस ४१४२ या ब्रिटिश मानकाप्रमाणे आवाजाचा रिपोर्ट मागतातच, मग आधीच करून घ्या. २०२४ पासून बायोडायव्हर्सिटीचा, म्हणजे जागेवरचा निसर्ग आधीपेक्षा वाढवून द्यायचा, नियम आलाय पण काँक्रीटच्या आवारातल्या जुन्या गाळ्याला तो सहसा लागत नाही, कारण २५ चौरस मीटरपेक्षा कमी अधिवासाला धक्का लागत असेल तर सूट आहे.

सगळ्यात जास्त वेळ द्या कामाच्या वर्णनाच्या एका ओळीला. नुसतं "डिस्टिलरी" लिहू नका. "बी एटमधून बी टूमध्ये बदल, डिस्टिलरी, सोबत पूरक स्वरूपात विक्री, टेस्टिंग आणि टूर" असं काहीतरी. पूरक हा शब्द जीव आहे. मुख्य वापराच्या सोबतीने चालणारी छोटी गोष्ट मुख्य वापराचाच भाग धरतात, स्वतःच्या बाटल्या विकायचा काऊंटर, शनिवारची टूर, हे चालतं. पण शुक्रवार-शनिवार रात्री कॉकटेल बार, डीजे, बाहेर बाकं टाकली, की ते पूरक राहत नाही, मिश्र वापर होतो, स्वी जेनेरिस, आणि एक दिवस एन्फोर्समेंटचं पत्र येतं. बार खरंच करायचा असेल तर पहिल्यापासून मागा. लपवून काही होत नाही, इन्स्टाग्रामवर तुम्हीच फोटो टाकणार आहात.

पायरी पाचवी: वाट बघणं आणि शेजारी

अर्ज नोंदला की काऊन्सिल शेजाऱ्यांना कळवतं किंवा खांबाला नोटीस लावतं, २१ दिवस हरकतींना. छोट्या अर्जाचा निर्णय आठ आठवड्यांत द्यायचा असतो. प्रत्यक्षात सातव्या आठवड्यात ऑफिसरचा मेल येतो, मुदत वाढवून देता का. द्या, नाही दिली तर बहुतेक वेळा नाही म्हणूनच मोकळे होतात. पण वाढवून दिलेल्या मुदतीत नक्की काय करणार ते लेखी विचारा, नाहीतर भिजत घोंगडं.

हरकतींना घाबरू नका, त्यातल्या निम्म्या मोजतच नाहीत. घराची किंमत कमी होईल, दारू वाईट, गावात आधीच एक पब आहे त्याचा धंदा बसेल, यातलं काहीही प्लॅनिंगचं कारण होत नाही. आवाज, वास, ट्रॅफिक, पार्किंग, आग ही कारणं होतात. म्हणून अर्ज टाकायच्या आधी आजूबाजूच्या घरांची दारं वाजवा. आपण लोक यात लाजतो, परका देश, काय म्हणतील. मित्राच्या दुसऱ्या अर्जाच्या वेळी आम्ही दोघं चौदा घरी गेलो, सोबत जिन नाही, चकली घेऊन गेलो, दिवाळीचे दिवस होते. एका आजीबाईंनी फक्त एवढंच विचारलं की सकाळी सातच्या आत लॉरी येणार का. आम्ही आठच्या आत कोणी येणार नाही असं अर्जात लिहिलं. त्यांची हरकत आली नाही.

नाही म्हणाले तर सहा महिन्यांच्या आत प्लॅनिंग इन्स्पेक्टरेटकडे अपील करता येतं, अपिलाला फी नाही, पण वेळ खूप जातो. अनेकदा नकाराचं कारण वाचून, ते दुरुस्त करून नवीन अर्ज टाकणं लवकर होतं. आणि परवानगीशिवाय सुरू करून नंतर अर्ज करणं कायद्याने चालतं, पण तोवर डोक्यावर तलवार, शिवाय मद्याच्या बाकीच्या परवानग्या देणारे लोक प्लॅनिंगचं विचारू शकतात.

परवानगी आली, आता?

अटी वाचा. काही अटी काम सुरू करायच्या आधी पुऱ्या करायच्या असतात, उदाहरणार्थ वासाचा बंदोबस्त कसा करणार त्याची योजना मंजूर करून घेणं. त्या न करता काम सुरू केलं तर परवानगीच धोक्यात. परवानगी बहुतेक वेळा तीन वर्षांत वापरायला लागते.

आणि प्लॅनिंग म्हणजे लायसन्स नव्हे. आपल्याकडे कलेक्टर आणि एक्साइज वेगळे, तसंच. स्पिरिट काढायची मंजुरी एचएमआरसी म्हणजे इथल्या कर खात्याकडून, ती नसताना स्टिल पेटवणं हा गुन्हा. जुन्या कायद्यात १८ हेक्टोलिटरपेक्षा म्हणजे १,८०० लिटरपेक्षा लहान स्टिलला लायसन्स नाकारायची मुभा होती, सिपस्मिथवाल्यांनी लंडनच्या हॅमरस्मिथमधल्या गल्लीतल्या गॅरेजात तीनशे लिटरच्या स्टिलवर त्याच मुद्द्यावर झगडून २००९ मध्ये सुरुवात केली, आणि आजच्या छोट्या जिनवाल्यांची वाट तिथून मोकळी झाली. जागेवर विकायचं, पाजायचं तर लायसन्सिंग ॲक्ट २००३ खाली प्रिमायसेस लायसन्स, ते काऊन्सिलच्याच दुसऱ्या खात्याकडून. प्लॅनिंग आणि लायसन्सिंग या दोघांनी दिलेल्या वेळा वेगळ्या असतील तर जी कडक ती पाळायची. फूड बिझनेस म्हणून नोंदणी २८ दिवस आधी.

आगीचं हलक्यात घेऊ नका. ४० टक्के स्पिरिटच्या वाफा साधारण २६ अंशांवर पेट घेऊ शकतात, म्हणजे उन्हाळ्यातली बरी दुपार, आणि ९६ टक्क्यांच्या त्याहून बऱ्याच कमी तापमानाला. स्फोटक वाफांसाठी डीसीअर नावाचे २००२ चे नियम आहेत, त्याप्रमाणे लेखी तपासणी लागते, कुठे साधा स्विच चालेल आणि कुठे नाही इथपर्यंत. फ्लेक्सिबल पाइप, दिवे, पंखे यांची जागा त्यावर ठरते, म्हणून आतला आराखडा काढायच्या आधी ही तपासणी करणारा माणूस गाठा, नंतर नाही. मित्राने नंतर गाठला आणि एक भिंत हलवली.

सांडपाणी हा शेवटचा आणि सगळ्यात विसरला जाणारा भाग. गटारात सोडायचं तर पाणी कंपनीची ट्रेड एफ्लुएंट परवानगी, काऊन्सिलची नाही. स्टिलमध्ये उरलेलं आंबट, गरम पाणी, त्यात तांब्याचा अंश, व्हिस्की असेल तर ते किती तरी पटीने जास्त. खेड्यात सेप्टिक टँक असेल तर त्यात ते टाकायचा विचारही करू नका, टाकीतले जिवाणू मरतात आणि मग जो वास येतो त्याला कुठल्याही वर्गात जागा नाही.

मित्राला दुसऱ्या अर्जावर परवानगी मिळाली, चौदा अटींसह. आता सोमवार-मंगळवार स्टिल चालतं, बुधवारी बाटल्या भरतात, शनिवारी दोन टूर, प्रत्येकी १२ माणसं, कारण अट क्रमांक नऊ तसं म्हणते. गेल्या महिन्यात मी पाहुण्यांना घेऊन न सांगता गेलो तर त्याने मला दारातच थांबवलं, तेरावा होतो म्हणून, आणि पुढच्या टूरपर्यंत बाहेर गाडीत बसवलं.